सरकत्या दारातला रुसवा

कन्हेरीच्या कुशाबाईला लग्नाची पत्रिका द्यायला गेलेली माणसं निघताना हळूच म्हणत, "आत्या, या बरं का. पण रुसू नका."

"बघू की," कुशाबाई हसायची. "रुसण्याजोगं केलं न्हाय, तर कशाला रुसंल मी?"

तुम्हाला वाटेल, असेल एखादी मानपानाची हावरी बाई. छे हो! साडी हलकी मिळाली म्हणून नाक मुरडणाऱ्या गल्लोगल्ली पडल्यात. कुशाबाई स्वतःसाठी एकदाही रुसली नाही. पाठच्या भावाच्या लग्नात वाजंत्र्यांना उपाशी ठेवून वऱ्हाड जेवायला बसलं, तेव्हा ही मारुतीच्या पारावर जाऊन बसली ती वाजंत्र्यांची पानं मांडल्यावरच उठली. चुलतबहिणीच्या लग्नात ऐन मांडवात रुसली आणि पोरीला पुढं शिकवायचा शब्द सासऱ्याकडून वदवून घेतला. शेत नवऱ्याच्या नावावर, कारभार दिराच्या हातात. बाईजवळ हत्यार काय ते एकच, रुसवा. ते मात्र तिनं कधी गंजू दिलं नाही.

त्या हत्याराची रीतही पक्की होती. रुसायचं ते चारचौघांदेखत. पहिल्या हाकेला उठायचं नाही. आणि ज्यानं रुसलेलीचं तोंड गोड केलं, त्यानं ती मागेल ते द्यायचं. ही रीत तिच्या माहेरी, सणसरला, बापाच्या आधीपासून चालत आलेली. तिथं कुणाची बिशाद नव्हती ती मोडायची.

यंदा भाच्याचं, सौरभचं लग्न निघालं. कुशाबाईचा सगळ्यांत धाकटा भाऊ पोर शाळेत असतानाच गेला. त्याच्या बायकोनं, राजलक्ष्मीनं, उसाला पाणी धरून पोराला इंजिनियर केलं. आता मुलीकडच्यांची हौस अशी, की दोन्हीकडच्या पाहुण्यांनी बारामतीबाहेरच्या नव्या चकचकीत हॉटेलात मुक्काम करायचा आणि सकाळी तिथल्याच लॉनवर हळद लावायची. पुण्या-मुंबईत म्हणे त्या कंपनीची तसलीच ढीगभर हॉटेलं. सणसर हाकेच्या अंतरावर, तरी वऱ्हाड परमुलखात आल्यासारखं बॅगा ओढत आत शिरलं.

संध्याकाळी जेवताना संभाजीराव, म्हणजे कुशाबाईच्या पाठचा भाऊ आणि लग्नाचा कर्ताधर्ता, सहज बोलून गेला, "हळदीला पाच सवाष्णी ठरल्यात, आक्का. राजी तेवढ्यापुरती खोलीत बसंल. तिचं तिलाच कळतंय."

कुशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हातांनी पोर वाढवलं, ते हात हळदीला चालत नाहीत? अरे वा रे वा! तिनं भरलेलं ताट तसंच ठेवलं आणि तरातरा खोलीकडं निघाली.

पण तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. पंगत असती, तर पानावरून उठलेली बाई अख्ख्या मांडवाला दिसली असती. हितं सगळे उभ्यानं जेवणारे. कुणाचं ताट कुठं आणि कोण कुठं, कुणाला पत्ता! वेटरनं ते ताट उचलून नेलं आणि रुसव्याचा पुरावाच गेला.

कुशाबाईला मात्र भरवसा होता. येतील, हात जोडत येतील. ती पलंगावर दाराकडं पाठ करून बसली. खोली कसली, बर्फाचा कारखाना! पांघरूण गादीखाली असं करकचून खोचलेलं, की आत शिरायचं म्हणजे पाकिटात पत्र घालावं तसं. खिडकी उघडेना. न्हाणीला भिंतीऐवजी काच. "आगं बया, आंघोळ हाय का तमाशा?" म्हणत तिनं काचेवर लुगडं टाकलं. चहा म्हणून ठेवलेली पुडी पाण्यात बुडवली, तर पाणी नुसतं मातकट झालं.

एवढ्यात दार वाजलं. कुशाबाईनं पदर सावरला, गाल फुगवले, आणि पुरेसा वेळ थांबून दार उघडलं. बाहेर हॉटेलातली बाई. "जादा टॉवेल हवेत का?"

मग फोन वाजला. तो तिनं रीतीप्रमाणं वाजू दिला. शेवटी उचलला, तर खालून एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, "मॅडम, रूम आवडली का?"

"न्हाय आवडली!"

"थँक्यू, मॅडम."

कुशाबाई फोनकडं बघतच राहिली. रुसवा फुकट गेल्याचं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. जो तो आपापल्या दाराला कडी लावून बसलेला. अशा ठिकाणी माणूस रुसलं काय नि झोपलं काय, सारखंच. सकाळी मोबाइलवर संभाजीरावाचा फुलांचा गुच्छ आला, खाली सुप्रभात. म्हणजे या बाबाला अजून थांगपत्ताच नव्हता, आणि खाली लॉनवर हळदीचे पाट मांडून तयार!

ती उठली. ट्रेतली साखरेची एक पुडी कनवटीला खोचली, पिशवी घेतली, खाली आली आणि हॉटेलाच्या काचेच्या सरकत्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, मांडी घालून बसली. दार मिटायला यायचं, तिला बघून मागं सरकायचं. पुन्हा यायचं, पुन्हा सरकायचं. आतला गारवा बाहेर आणि बाहेरची माशी आत.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, प्लीज, सोफ्यावर बसा ना."

"सोफ्यावर बसून कुणी रुसतंय व्हय रं?"

बघता बघता दोन्हीकडचं वऱ्हाड गोळा झालं. कुशाबाईच्या जिवाला बरं वाटलं. रुसव्याला माणसं लागतात.

संभाजीराव घाईघाईनं आला. "आक्का, काय झालं? एसी चालत न्हाय का? साडी घिऊ का दुसरी?" कुशाबाईनं तोंड फिरवलं. पहिली हाक होती ती. पुढच्या हाकेला मागणं घालायचं, हे ठरलेलंच होतं.

तेवढ्यात गर्दी हलली आणि राजलक्ष्मी पुढं आली. कालपासून ती कुणाच्या समोर आली नव्हती. ती नणंदेपुढं गुडघ्यावर बसली. डोळे भरलेले.

"वन्सं, उठा. माझ्या लेकाच्या लग्नाला नाट नको. काय पायजे ते मागा, मी देते."

कुशाबाई चपापली. जिच्यासाठी रुसले, तीच समजूत काढायला आली! आणि मग तिच्या ध्यानात आलं, की याहून बरं काही होणंच नाही. तिनं कनवटीची पुडी काढून राजलक्ष्मीच्या हातात दिली. "कर माझं तोंड गोड."

राजलक्ष्मीनं पुडी फोडली आणि चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली. कुशाबाईनं ती सावकाश गिळली, सगळ्यांना दिसेल अशी.

"आता मागणं ऐक. सौरभला पयली हळद तुझ्या हातची."

राजलक्ष्मीचा हात तसाच वर राहिला. "वन्सं, न्हाय वो... मी कशी..."

"आक्का, अगं रीत हाय काय ती!" संभाजीराव कळवळला.

"रीतच सांगतीया, संभा. हिनं माझं तोंड गोड केलंय, आता मी मागितलेलं हिला द्यावंच लागतंय. मोडतोस का बापाची रीत? मोड, ह्या समद्यांदेखत मोड."

संभाजीरावाला स्वतःच्या लग्नातला मारुतीचा पार आठवला असावा. "चल, राजी," तो खाली बघत म्हणाला. "पाट मांडल्यात."

लॉनवर राजलक्ष्मीनं वाटीत बोटं बुडवली. नवरा गेल्यापासून तिनं हळदीला बोट लावलं ते फक्त स्वयंपाकातल्या. हात पोराच्या गालापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सौरभनं मान वाकडी केली आणि आपला गालच आईच्या तळव्यावर ठेवला.

कुशाबाईला ते बघवेना. तिनं गर्रकन पाठ फिरवली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कुंपणाकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

"अरे देवा," मागून कुणीतरी घाबरून म्हणालं, "आत्या परत रुसली!"