पडीक घरांची यादी

मारोतराव ग्रामपंचायतीचा शिपाई, हे आपलं नुसतं म्हणायला. सकाळी नळाला पाणी सोडणारा तो, टाकीत पावडर टाकणारा तो, ग्रामसभेची दवंडी देणारा तो आणि घरपट्टी मागायला दारात उभा राहणाराही तोच. बाभुळगाव तालुक्यातलं आडबाजूचं लहानसं गाव. दुसरा माणूस देतो कोण? सत्तावीस वर्षं त्यानं एकट्यानं ओढलं. तोंडाचा मात्र भारी तिखट. बायको वच्छलाबाई म्हणायची, "तुमची जीभ एक दिवस घात करन बाप्पा."

त्याच्या पगारातला मोठा वाटा सरकारकडून यायचा, पण अटीवर. गावानं पट्टी भरली तर वाटा पुरा, नाही तर कापला. यंदा पत्र आलं की वसुली सुधारली नाही तर वाटा बंदच. म्हणजे शिपाई गेला, आणि शिपाई गेला की पाणी सोडायला कोण, तुमचा साहेब येणार? वर बसलेल्यांना एवढं साधं कळेल तर शपथ!

गावात राहणारे रडतकढत का होईना, भरत होते. अडलं होतं कुलूपबंद घरांपायी. कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, कोणी राजूरला खाणीवर गेलेला. त्यांच्या नावानं बाकी चढत होती आणि भरायला चिटपाखरू नव्हतं.

त्यातलंच एक घर नयनचं. नयन मारोतरावचा एकुलता एक पोरगा. घर बापानंच त्याच्या नावानं बांधून दिलेलं. पाच वर्षांपूर्वी बापानं चारचौघांत नालायक म्हटलं आणि पोरगा बायकोला घेऊन पुण्याला निघून गेला. मग ना फोन, ना निरोप. मारोतराव दरवर्षी नयनच्या नावाचं पट्टीचं बिल हातानं लिहायचा आणि बंद दाराच्या फटीतून आत सरकवायचा.

"तुम्हीच भरून टाका ना," वच्छलाबाई म्हणायची.

"मी भरलं तं तो कायले येईन? ज्याचं घर त्यानं यावं अन् भरावं."

वेडेपणाच होता हो. पण बापाला आशा टांगायला एखादी खुंटी लागतेच.

ग्रामसेविका अपेक्षा मॅडमनी तोड काढली. पडलेली, ओसाड घरं ठराव करून घरपट्टीच्या यादीतून कमी करायची; मग गावच्या दप्तरी ते घरच नाही. गावाकडून येणं असलेली पट्टी घटेल, वसुली अटीत बसेल, निधी वाचेल. मारोतरावनं घरोघर फिरून अशा पडीक घरांची यादी केली. नयनचं घर धड उभं होतं, म्हणून ते त्यात नव्हतं.

ग्रामसभेत लखीराम उठला. "माह्या भावाचं घर पडीक, अन् शिपायाच्या पोराचं काहून नाई?"

"ते उभं आहे," मॅडम म्हणाल्या.

"भावाचंबी उभंच हाये. एक भित पडली तं माणूस मेला काय? कापा तं साऱ्याईचं कापा, नाई तं कोणाचंच नोका."

गलका झाला. ठराव बारगळतो की काय असं वाटायला लागलं. सरपंच विमलताई हळूच म्हणाल्या, "मारोतराव, बाकी आत्ता भरून टाका, मिटलं." इतकी सरळ वाट होती हो! पण ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या दारात ताठ मानेनं पट्टी मागितली, त्याला ते नेमकं झोंबलं.

"मी पोराचं झाकून राह्यलो काय? आणा ते रजिस्टर!" पेन ओढून घेत त्यानं आपल्याच हातानं लिहिलं : नयन मारोतराव, घर पडीक, मालक परत येणार नाही. खाली सही ठोकली. मॅडमनी दोनदा विचारलं, खोडू का? नाही म्हणजे नाही.

ठराव झाला. वसुली अटीत बसली, सरकारचा हप्ता आला, नळ चालू राहिले. गाव म्हणालं, माणूस असावा तर असा. वच्छलाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी टाकीपाशी त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाबा."

आवाज पाच वर्षांनी ऐकला, तरी मारोतरावनं लगेच ओळखला.

"इथलं काम सुटलं बाबा. आम्ही गावाले वापस येऊन राह्यलतो. पोरीले आपल्या अंगणवाडीत टाकाचं होतं. राहण्याच्या दाखल्यासाठी मॅडमले फोन केलता, तं म्हणे घर यादीतून कमी झालं. मालक परत येणार नाई, हे तुम्हीच लिहिलं म्हणे."

निधी, वसुली, लखीराम, सगळं सांगायचं होतं. पण साऱ्या गावाला पुरून उरलेल्या त्या जिभेतून आलं ते इतकंच.

"गावाचं पाणी वाचवाचं होतं रे."

"वाचलं ना? बरं झालं," नयन म्हणाला आणि फोन बंद झाला. मारोतरावनं चार वेळा परत लावला. कोणी उचलला नाही.

घरी येऊन तो ओट्यावर बसला. "नयनचा फोन आलता," म्हणाला. "आपल्याले नात हाये."

वच्छलाबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. मनातला राग कुठल्या कुठे पळाला. "अगं माय! काय नाव ठेवलं हो तिचं?"

मारोतरावला ते माहीत नव्हतं.