लाँड्रीवरची कुंडलिनी

सदर व्यक्ती स्त्री असून टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त आहे. उंची मध्यम, बांधा सडपातळ, कणा सरळ. ओळखीची खूण : बसल्यावर मागे टेकत नाही. सोसायटीच्या दप्तरात तिचा उल्लेख ‘पहिल्या मजल्यावरील बहुउद्देशीय सभागृहात प्रातःकालीन योगवर्ग चालविणाऱ्या महिला सभासद’ असा आहे. आध्यात्मिक प्रगती : निरंक. हा शेवटचा शेरा तिचा स्वतःचा.

ही आमची आत्या. बहुउद्देशीय सभागृह म्हणजे मधोमध एक खांब असलेली लांबट खोली. मोडक्या खुर्च्या साठवणे हा तिचा एक उद्देश आणि आत्याचा वर्ग हा दुसरा. खाली हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, त्यामुळे वर्गाला कायम साबणाचा वास. आतोबा म्हणायचे, “हिच्याकडे येऊन कोणी योगी होवो न होवो, धुतल्यासारखा मात्र दिसतो.”

आत्या योगाकडे वळली ती कंबरेमुळे. एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून दिवसभर परक्यांची बोलणी जोडून देता देता तिची कंबर कामातून गेली, आणि कोणीतरी तिला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे पाठवलं. गुरुजींनी तिला बसायला शिकवलं. काही वर्षं फक्त बसायलाच शिकवलं. बाहेर लोक महिन्याभरात चक्रं उघडून घेत होते आणि आत्या अजून मांडीच घालत होती. शेवटी तिनं विचारलं, “गुरुजी, कुंडलिनीचं कधी सांगणार?”

“आधी तुझा गुडघा गप्प बसू दे.”

गुडघा गप्प बसल्यावर त्यांनी सांगितलं, तेही एकदाच. ग्रंथ म्हणतात, कण्याच्या तळाशी, मूलाधारात, साडेतीन वेटोळी घालून निजलेल्या नागिणीसारखी ती असते. लोक नागीण ऐकतात, घाबरतात किंवा खूश होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. पुढचं असं, की ही काही बाहेरून आणायची चीज नव्हे. जी शक्ती आकाश घडवते, मग वारा, मग अग्नी, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी माती, तीच मातीपाशी येऊन थांबते. आणखी घडवायला काही उरत नाही, म्हणून निजते. तिनं जागं होणं म्हणजे आलेल्या वाटेनं परत निघणं. माती पाण्यात विरते, पाणी अग्नीत, असं एकेक ओझं खाली ठेवत ती सुषुम्नेतून वर चढते. टाळूशी पोचताना शेवटचं ओझं ठेवायचं असतं, ते म्हणजे ‘मी’.

“मग झालं हे आपल्याला कळणार कसं?”

“घरच्यांना विचार. तुझा जाच कमी झाला असेल तर ते सांगतील.”

आत्यानं आतोबांना अधूनमधून विचारलं. समाधानकारक उत्तर कधीच मिळालं नाही.

निवृत्तीनंतर तिनं वर्ग काढला, आणि गुरुजींच्याच पद्धतीनं चालवला. ज्याला स्वस्थ बसता येत नाही त्याला श्वास रोखायला शिकवायचं नाही, हा तिचा नियम. नियम चोख असल्यामुळे वर्गात कायम ऐसपैस जागा असायची. तिथेच सोसायटीच्या सेक्रेटरींची नजर गेली. ते एकदा टेप घेऊन आले, आणि मंडळी शवासनात पडलेली असताना त्यांना ओलांडत त्यांनी खोली मोजली.

“ताई, टेबल टेनिसचं टेबल बरोब्बर बसतं इथं.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही बसताच कितीजण? वार्षिक सभेत ठराव येतोय. तोवर गर्दी जमवा. खोली तुमची.”

या खोलीखेरीज आत्यानं आयुष्यात दुसरं काही मागितलंच नव्हतं.

अशात एका सकाळी, खांबाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी ती डोळे मिटून बसलेली असताना बुडाशी काहीतरी हललं. बारीक, सलग, मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखं. ते कण्यातून मणक्यामागून मणका चढत मानेपर्यंत आलं, भुवयांच्या मध्ये थरथरलं आणि हळूहळू ओसरलं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून येणारच.

तिनं हे फक्त आतोबांना सांगितलं. वर्तमानपत्राला सांगितलं असतं तर बातमी जरा उशिरा पसरली असती. आतोबा केस कापायला गेले ते अर्ध्या डोक्यानंच उठून सांगायला लागले, “घरी कुंडलिनी जागी झालीय. आमच्या हिची.”

आठवडाभरात सतरंज्या अपुऱ्या पडल्या. आणि नवल म्हणजे नव्या लोकांनाही कंप येऊ लागला. एक बँक मॅनेजर हुंदके देऊन रडले. अनुभव खांबाजवळ जास्त तीव्र येतो असं सगळ्यांच्या लक्षात आल्यावर लोक पहाटेच येऊन तिथे रुमाल टाकून ठेवू लागले. ज्याच्यासाठी पृथ्वीतत्त्व ओलांडायचं, त्याच्यासाठी वीतभर जमिनीवरून दोन निवृत्त प्राध्यापक एकमेकांशी बोलेनासे झाले. सेक्रेटरींनी स्वतः पाटी रंगवून आणली : ‘कुंडलिनी जागृती केंद्र’. टेबल टेनिसचा विषय निघेनासा झाला. आत्यासाठी गादीची खुर्ची आली. आत्या तिच्यात बसली आणि मागे टेकली.

मग सलग दोन दिवस कोणालाच काही झालं नाही. वर्गात चिंता पसरली. कोणी आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष दिला, कोणी सुनेला. तिसऱ्या दिवशी आत्या घरच्या चादरी टाकायला लाँड्रीत गेली, तर लाँड्रीवाला आधीच अजिजीनं म्हणाला, “बाई, उशीर होणार बरं का. दोन दिवस मशीन बंद होतं.”

“कुठलं मशीन?”

“पिळायचं. या महिन्यातच घेतलंय. एवढं मोठं धूड, पण आवाज म्हणून नाही. बघा, शेजारी उभं राहून कुजबुज करा, ऐकू येईल. फक्त वेग घेतला की हा खांब जरा थरथरतो, एवढंच.”

आत्यानं खांबावर तळहात ठेवला; तोच खांब छतातून वर तिच्या खोलीत गेला होता. मग ती वर गेली, आपल्या जागी बसली, डोळे मिटले. बुडाशी हललं. मणक्यामागून मणका चढलं. ती जिन्यात येऊन म्हणाली, “बंद करा जरा.” परत बसली. काही नाही. “करा चालू.” आलं. असं बऱ्याच वेळा झाल्यावर लाँड्रीवाल्याचा चेहरा उतरला.

“बाई, काही बिघडलंय का?”

“नाही हो. मशीन उत्तम आहे.”

घरी तिनं आतोबांना सांगितलं. ते उठून आधी दार लावून आले, हीच एक मोठी घटना.

“सभा रविवारी आहे,” ते म्हणाले. “सोमवारी सांग.”

“अहो, रविवारनंतर सांगितलं तर ते सांगणं थोडंच झालं?”

“मी सगळीकडे सांगून बसलोय, त्याचं काय?”

“तुम्ही कशाला सांगितलंत?”

“आनंद झाला म्हणून. दुसऱ्या कशासाठी सांगतात?”

सेक्रेटरींची बाजू अधिक व्यवहारी होती. “ताई, लोकांना गुण येतोय. त्यांना खालून आलं काय, आतून आलं काय. कशाला काढता?”

इथे घराण्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. आमच्याकडे चूक कबूल करायची पद्धत नाही. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, एकदा चुकीच्या गाडीत बसले, टी.सी.नं सांगितल्यावर “मला इकडंच जायचंय” म्हणाले, आणि ओळखपाळख नसलेल्या गावी मुक्काम करून आले. पुढे त्या गावच्या हवेची ते मरेपर्यंत तारीफ करत. आत्या त्यांची मुलगी.

शनिवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्यानं खुर्ची बाजूला सारली आणि सतरंजीवर बसून मशीनचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, की पाडला नाही. एक्स्चेंजमध्ये ‘लाईन उपलब्ध नाही’ सांगायची तोच आवाज.

बँक मॅनेजर म्हणाले, “पण बाई, मला तर पार डोक्यापर्यंत आलं होतं.”

“तुम्ही खांबाला डोकं टेकता.”

थोडं हसू झालं. मॅनेजर हसले नाहीत.

“आणि मशीन राहू दे,” आत्या म्हणाली. “मला त्याच्या आधीच कळायला हवं होतं. गुरुजींनी सांगितलं होतं, शेवटी ‘मी’ खाली ठेवायचा असतो. या महिन्यात माझा ‘मी’ केवढा सुजला ते मलाच ठाऊक. खुर्चीत टेकून बसायला लागले. जिन्यात कोणी न थांबता पुढं गेलं तर राग यायचा. जिची जागी झालीय तिचं असं होत नाही. शक्ती नाहीच असं मी म्हणत नाही. श्वास चालतो, अन्न पचतं, हा राग येतो तोसुद्धा तिच्याच जोरावर. निजलेली असून एवढं करते. पण माझी जागी झाली हे मी म्हटलं, ते खरं नव्हतं. आता ज्यांना बसायचंय त्यांनी बसा.”

बरेच जण उठले. जिन्यात चपलांचा मोठा गोंधळ झाला. दाराशी आतोबा हाताची घडी घालून उभे होते, आणि त्यांची छाती अशी काही पुढे आली होती की बाहेर पडणाऱ्यांना तिरकं होऊन जावं लागत होतं. त्याच दुपारी ते पुन्हा केस कापायच्या दुकानात गेले, कापायला केस नसताना. “आमच्या हिची जागी झालेली नाही,” त्यांनी बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं. “तिनं स्वतः सांगितलं. भरल्या खोलीत.” पहिली बातमी सांगताना ते एवढे फुलले नव्हते, असं तो न्हावी अजून सांगतो. आम्हा भाचरांचंही तेच झालं. कुंडलिनी जागी झालेल्या आत्या बऱ्याच जणांकडे असतात म्हणे.

रविवारी ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. टेबल आलं आणि ते खरंच बरोब्बर बसलं. पाटी उलटी करून तिच्यावर खेळाच्या वेळा लिहिल्या. लाँड्रीवाल्याला मात्र वाटत राहिलं की हे सगळं आपल्या मशीनमुळे झालं. तो आत्याला म्हणाला, “बाई, चादरींच्या घड्या घालायची खोली सकाळची रिकामीच असते. वर्ग होईस्तोवर मशीन बंद ठेवतो.”

“चालू असू दे,” आत्या म्हणाली. “जमीन हलत असताना न हलता बसणं, हे तरी शिकतील.”

सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली आहे : ‘सभासदांच्या निरुत्साहामुळे उपरोक्त योगवर्ग व तदनुषंगिक जागृतीविषयक उपक्रम कायमस्वरूपी बंद करण्यात आले असून याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’

वर्ग रोज सकाळी भरतो. सतरंजी घरून आणावी लागते.