भावोजींचा आवाज

आमच्या भावोजींना गावात खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना भोंगा म्हणायचे आणि तेही त्या नावाला आनंदाने ओ द्यायचे. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं त्यांचं काम. चौकशीच्या खिडकीमागे एक काचेची खोली होती. समोर माईक, बाजूला चहाचा पेला, डोक्यावर घरघरणारा पंखा. खरं तर त्यांना माईकची गरजच नव्हती. वीज गेली की ते बाहेर यायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि अशी काही गाडी पुकारायचे की शेवटच्या फलाटावर पेंगणारा माणूसही पिशवी उचलून पळत सुटायचा.

बरं, नुसत्या गाड्या पुकारून गप्प बसतील तर शपथ. "लाल फ्रॉकातली छोकरी माझ्यापाशी बिस्किट खातेय, आईने घाबरू नये, सावकाश यावं." "बाकावर कोणाची तरी छत्री राहिली आहे. लवकर घेऊन जा, छत्री चांगली आहे, माझी नियत फिरतेय." साहेब लोक अधूनमधून दटावायचे, पण प्रवाशांची बाजू भावोजींकडे असायची.

माझी ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. रोज त्याच स्थानकावरून जायची आणि तिची गाडी रोज उशिरा यायची. एके सकाळी भोंगा बोलला, "प्रयोगशाळेच्या बाईंची गाडी आजही मागेच आहे. बाईंनी तेवढ्यात चहा घेऊन यायला हरकत नाही." सगळं स्थानक ताईकडे बघून हसलं. ताई तरातरा खिडकीशी गेली.

"माझ्या चहाची उठाठेव करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," भावोजी म्हणाले. "पण रोज तोंड वाळवून उभ्या असता, बघवत नाही."

ताई पाय आपटत परत फिरली ती थेट चहाच्या टपरीवर गेली. पुढे व्हायचं ते झालं. लग्नात आलेल्या पाहुण्यांना जेवायला बोलवायचं काम नवरदेवाने स्वतःच केलं, तेही माईकशिवाय. आईने डोक्याला हात लावला होता.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच ताईला परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली. तिने अर्ज केला होता तो केवळ गंमत म्हणून. घरात खल सुरू झाला. भावोजींनी एका वाक्यात निकाल लावला. "तुला जावंसं वाटतंय ना? मग जा. मी मागून येतो." मागून यायला कागदपत्रांपायी दोन वर्षं गेली. शेवटी परवाना आला आणि भावोजींनी नोकरी सोडली, तेव्हा नातेवाइकांच्या जिभा सुटल्या. बायकोच्या पाठोपाठ निघालाय म्हणे, तिकडे काय भांडी घासणार का?

"घासीन की," भावोजी म्हणाले. "इथेही मीच घासतो. तिथे निदान नळाला पाणी असेल."

पोचल्यावर पहिले काही आठवडे त्यांचे फोन म्हणजे नुसता कौतुकाचा धबधबा होता. नळाला दिवसभर पाणी. पदपथ असे की डोळे मिटून चालावं. बस थांब्यावर फलकावर लिहिलेल्या वेळेला येते, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. "मेहुणीबाई, इथे माझ्यासारख्याला नोकरी कोण देणार? गाडी पुकारावीच लागत नाही, ती आपली आपण येते आणि निघून जाते!" ते हसले. आम्हीही हसलो. 

पण त्यात थोडं खरंही होतं. त्या शहरात कोणी मोठ्याने बोलत नसे. दुकानात लोक पुटपुटत, बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसत, शेजारी जिन्यात भेटले तर मान हलवून वाट देत. एकदा भावोजींनी स्वयंपाकघरातून ताईला नुसतं विचारलं, "भाजीत बटाटा घालू का?" थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. चेहरा काळजीने पांढरा पडलेला. त्यांनी ताईला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना? तुला मदत हवी आहे का?" ताईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिला हसू आवरेना आणि भावोजींना काय करावं सुचेना. नवरा बायकोवर हात उचलतोय, असं त्या बाईंना वाटलं होतं. आणि विषय होता बटाटा.

ताईने ही गोष्ट आम्हाला पोट धरधरून हसत सांगितली. भावोजींनी मात्र ती मनाला लावून घेतली. त्या दिवसापासून ते हळू बोलायला लागले. मग कमी बोलायला लागले. फोनवर त्यांचा आवाज इतका खाली आला की आई फोन तळहातावर आपटून बघायची. "बिघडलाय का गं हा?" मी म्हणायचे, "फोन नाही, जावईबापू बिघडलेत."

आणि फोनवर जो तो एकच विचारायचा : तिकडे बरं की इकडे? भावोजी या प्रश्नाला सुरुवातीला लांबलचक उत्तर द्यायचे. हळूहळू ते आखडत गेलं. एकदा मलाच म्हणाले, "इथे पाणी चोवीस तास आहे, माणूस अर्धा तास. तुझी ताई कामाला गेली की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलतं ते फक्त कपडे धुण्याचं यंत्र. काम झालं की टुंई करतं. मी त्याला थँक्यू म्हणतो."

ताईचं नेमकं उलटं चाललं होतं. तिथे तिचं काम ठरल्या वेळेला संपे आणि संपलं की संपे. वरिष्ठ तिला नावाने हाक मारत, बैठकीत तिचं मत विचारत आणि ऐकून घेत. गावाकडच्या रुग्णालयात ती साहेबांच्या फायली उचलायची. तिकडे ती संध्याकाळी एकटी चालत घरी येई आणि एकदाही मागे वळून बघत नसे. पोहायला शिकली होती. आपल्याला कधी मोकळा वेळ असू शकतो हेच तिला माहीत नव्हतं, तो हातात आल्यावर ती खुळ्यासारखी खूश झाली होती.

म्हणून भावोजी एका रविवारी म्हणाले, "आपण परत जाऊया का?" तेव्हा ती पोळ्या लाटत राहिली. मग लाटणं खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर जाऊ. पण मला खोटं बोलता येणार नाही. मला इथे आवडतं. मला इथे मी आवडते."

भावोजींनी मान हलवली.

"आणि दुसरं," ताईचा आवाज चढला, "तुम्ही हे कुजबुजणं आधी बंद करा! मी कोणाशी लग्न केलं होतं? खालच्या बाई येऊ देत, नाहीतर पोलीस येऊ देत. घरात तरी ओरडा!"

त्या दिवशी भांडण असं त्यांचं झालंच नाही, पण उत्तरही मिळालं नाही. दोघांनी एकमेकांना थोडा वेळ दिला. भावोजींनी तिथली भाषा शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. वर्ग कसला, एका वाचनालयाच्या तळघरातली खोली. बाई फार गोड होत्या. भावोजींचे उच्चार छान आहेत म्हणायच्या, फक्त घशाकडे बोट दाखवून हात खाली खाली दाबायच्या. आकडे, वार, रंग आणि दिशा एवढं शिकून झालं होतं, तेव्हाची गोष्ट.

वर्गातून परत येताना भावोजी थांब्यावर उभे होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, अंगात नीट इस्त्री केलेला कोट, कानात यंत्र. बस आली. गृहस्थांनी चालकाला काहीतरी विचारलं. चालकाने त्याच्या शांत सुरात उत्तर दिलं. "काय?" चालकाने पुन्हा सांगितलं. "काय?" मागे रांग लागली. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसनुसा झाला, आपलं काही चुकलंय अशी त्यांनी मान खाली घातली आणि ते मागे सरकले. भावोजींना ते बघवेना. गाडीचा क्रमांक समोर लिहिला होता, चालकाच्या उत्तरातली दिशाही कळली होती. इतक्या महिन्यांचा दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटला :

"सत्तावीस! सरळ! मग डावीकडे! बसा!"

रांगेतली माणसं दचकली. एका बाईंच्या हातून संत्री सांडली. पण म्हातारबाबांचं तोंड उजळलं. त्यांनी भावोजींचा हात घट्ट धरला आणि तसाच धरून बसमध्ये शेजारी बसवलं. मग सगळी वाट ते बोलत होते आणि भावोजी, निम्मं न कळता, खणखणीत "हो!" आणि "वा!" म्हणत होते. उतरताना बाबांनी हात सोडलाच नाही. चहाला चला म्हणाले.

बाबा एका वृद्धाश्रमात राहत होते. आपण हा शब्द ऐकला की डोळ्याला पदर लावतो. भावोजींनीही तसाच चेहरा करून आत पाऊल टाकलं. आत मोठं दालन, खिडक्यांतून ऊन येतंय, टेबलांभोवती आजी-आजोबा बसलेले आणि आकड्यांचा खेळ चाललेला, आपल्या तंबोल्यासारखा. तिथली व्यवस्थापक बाई उंचनिंच, पण आवाज रेशमाचा धागा. तिने एक आकडा म्हटला की दालनभर "काय? किती? काय म्हणाली?" असा कल्लोळ उठे. कोणी चुकीचा आकडा खोडे, मग शेजाऱ्याशी भांडण. बिचारी घामाघूम झाली होती.

बाबांनी भावोजींना ढकलतच पुढे नेलं आणि तिला काहीतरी सांगितलं. तिने जरा घाबरतच सोंगटी त्यांच्या हातात दिली. भावोजींनी आकडा बघितला. आकडे! त्यांना त्या भाषेतलं धड येत होतं ते एवढंच. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि फलाटावर गाडी लागल्यासारखा पहिला आकडा पुकारला.

दालनभर माना एकदम कागदांवर वाकल्या. मग कोपऱ्यातल्या चाकाच्या खुर्चीतून एक आजी म्हणाल्या, "अरे देवा! मला ऐकू आलं!"

पुढचा आकडा. त्याच्या पुढचा. काठ्या जमिनीवर आपटायला लागल्या, टाळ्या पडायला लागल्या. ज्या आजींनी देवाला हाक मारली होती त्याच जिंकल्या आणि इतक्या जोरात किंचाळल्या की स्वयंपाकघरातली माणसं धावत आली. खेळ संपला तरी कोणी उठेना. पुन्हा लावा म्हणाले.

त्या संध्याकाळी ताई घरी आली तर भावोजी खिडकीशी उभे राहून आकडे म्हणत होते, मोठ्याने. तिने चप्पलही काढली नाही. तशीच येऊन त्यांच्या गळ्यात पडली. काय झालंय ते तिला अजून ठाऊकही नव्हतं.

आधी ते नुसते खेळापुरते जायचे. मग व्यवस्थापक बाईने विचारलं, रोज याल का? आता ते तिथे रीतसर नोकरीला आहेत. जेवण तयार झालं की तेच पुकारतात, कोणाचा वाढदिवस, बाहेर थंडी किती, कोणाचा नातू भेटायला आलाय. चाकाच्या खुर्च्या ढकलतात, नखं कापतात, हट्टी आजोबांना अंघोळीला तयार करतात. भाषा आता बरी येते. व्याकरण अजून लंगडं आहे, पण तिथे कोणाला पर्वा नाही. "मेहुणीबाई," ते मला म्हणाले, "गावात माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, पण ऐकायचं कोण? ज्याची त्याला गाडी पकडायची घाई. इथे कोणालाच कुठे जायचं नाही. माझा प्रत्येक शब्द घोटाघोटाने पितात."

मागच्या वर्षी मी जाऊन आले. घर त्यांनी बदललंय. लोक घर बघताना शांत गल्ली शोधतात. हे दोघं तळमजल्यावर राहायला गेलेत, तेही ट्रॅमच्या रुळांना लागून. सकाळी दोघं एकमेकांवर ओरडून चहा ठरवतात आणि ट्रॅम गेली की हसतात.

सगळं साखरेत घोळलेलं आहे असं मी म्हणणार नाही. इकडे आमच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईला वेळेवर येता आलं नाही. फोनवर ती त्यांच्या रक्ताचे अहवाल पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावत होती. भावोजींना अजूनही स्वप्नात बसस्थानक दिसतं. आईने परवा पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "आई, तिकडे मला सगळे ओळखायचे. इथे मूठभर माणसं ओळखतात, पण ती दाराकडे डोळे लावून बसतात. यातलं बरं कुठलं ते मला नाही ठरवता येत. तुमची लेक इथे खूश आहे, आणि मला आता घसा बसेपर्यंत काम आहे. तुम्ही या, मग तुम्हीच सांगा."

मी निघायच्या आदल्या दिवशी ते मला त्यांच्या दालनात घेऊन गेले. दुपारी तिथे नाच होता. टेबलं भिंतीला लावलेली, कोणीतरी पियानो वाजवत होतं, आजी-आजोबा एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश डुलत होते. ताई कामावरून परस्पर तिथेच आली. कोटवाले बाबा माझ्यापुढे येऊन वाकले आणि हात पुढे केला. मला नाचता येत नाही, त्यांना ऐकू येत नाही, पियानो चुकत होता. तरी आम्ही फिरलो. फिरता फिरता त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला कळेना म्हणून ताईने मधे तोंड घातलं.

"ते विचारताहेत, तुमच्या देशात सगळेच इतक्या मोठ्याने बोलतात का?"

"काय सांगू?" मी विचारलं.

ताई तिकडे बघत होती. भावोजी चाकाच्या खुर्चीतल्या आजींना गोल गोल फिरवत होते, आजी ओरडत होत्या, भावोजी त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होते आणि व्यवस्थापक बाई दोन्ही कानांत बोटं घालून हसत होती.

"सांग," ताई म्हणाली, "एकच होता. तो मी घेऊन आले."