गाईच्या पायाशी

निकालानंतर आठ महिने झाले तरी आमदार आबासाहेबांनी तांबोळवाडीच्या सहादेव गुंजाळांना "ये, बस" म्हटलं नव्हतं. म्हणायचे ते "आलास का?" एवढंच. आणि त्या "आलास का"मध्ये असं काही असायचं, की सहादेव पायरीवरच चपला घालून तयार राहायचे.

सहादेव आठ एकरांचे शेतकरी. चौथीपर्यंत शाळा. अंगात काळा कोट, तोही फक्त मतदानाच्या दिवशी. कारण त्या दिवशी ते आबासाहेबांचे पोलिंग एजंट असायचे. केंद्रात मास्तरांच्या शेजारी बाकड्यावर बसायचं, आलेला माणूस खरा की खोटा ते ओळखायचं आणि आत जाणाऱ्याच्या पाठीकडे बघून त्याचं मत कुठं पडणार ते मनात धरायचं. संध्याकाळी पेटीला लाख लागली की सहादेव आकडा सांगत.

त्यांच्याकडे एक वही होती. आबासाहेबांची सगळी कारकीर्द तिच्यात. सत्तावन्न साली सहाशे अकरा मतांनी पडले. बासष्ट साली चार हजारांनी आले. सदुसष्टला एकोणतीसशेंनी आले. प्रत्येक सालाखाली तांबोळवाडीचा आकडा दोनदा लिहिलेला : एक सहादेवांनी आधी सांगितलेला, दुसरा मोजणीत निघालेला. सदुसष्टला ते म्हणाले होते, चारशे तीस. निघाले चारशे एकतीस.

"हा एक कोन रे जादा?" आबासाहेबांनी तेव्हा पाठीवर थाप मारून विचारलं होतं.

"त्योच हुडकतोय, आबासाहेब."

सगळा तालुका हसला होता.

बहात्तरच्या मार्चमध्ये सहादेव म्हणाले, चारशे चाळीस. आणि या वेळी आकडा निघालाच नाही. नव्या पद्धतीनं सगळ्या गावांच्या मतपत्रिका एका ढिगात कालवल्या आणि मग मोजल्या. कुठल्या गावानं काय दिलं ते कुणालाच कळेना. कळलं एवढंच, की आबासाहेब निवडून आले ते फक्त त्र्याहत्तर मतांनी. आणि बाद मतांची थप्पी हातभर उंच.

तिथून संशय सुरू झाला. आबासाहेबांचा उजवा हात म्हणजे चिंचवाडीचा भिमाजी. जीप तोच चालवायचा आणि कानही तोच भरायचा.

"सायकलवाल्यानं तांबोळवाडीच्या हिरीवर रहाट बसवून दिला, ठावं हाय का?" भिमाजी म्हणाला. सायकल हे विरोधी उमेदवाराचं चिन्ह. "फेब्रुवारीत रहाट, मार्चात मत. बाया लई खूश हुत्या म्हनं."

"सहादू तर चारशे चाळीस म्हनला."

"म्हनायला काय जातंय? ह्या टायमाला मोजनार कोन हुतं?"

पाऊस गेला. ज्वारी गुडघ्यावर आली आणि तिथंच वाळली. दुष्काळी कामं निघाली. तांबोळवाडीच्या ओढ्यावर पाझर तलाव व्हायचा हे दोन वर्षांपासून ठरलेलं. ओव्हरसियरनं खुंट्याही मारल्या होत्या. दसऱ्यानंतर एका सकाळी त्या खुंट्या उपटून चिंचवाडीला गेल्या. तांबोळवाडीची माणसं नऊ मैल चालून सडकेवर खडी फोडायला जाऊ लागली. पहाटे निघायचं, अंधारात परत. म्हातारी माणसं तर तिथंच दगडाच्या आडोशाला राहायची.

गावातली माणसं सहादेवांच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलत.

"एजंट कुनाचा हुता म्हनायचा ह्यो?"

"कोट तर आबांचा हुता. आतला मानूस कुनाचा, देवाला ठावं."

शेवटी निरोप आला. दिवाळीच्या पाडव्याला गावच्या चार जाणत्यांना घेऊन ये. ओसरीवर ताट मांडलेलं असेल. त्यातला बेलभंडार उचलून प्रत्येकानं खंडोबाची शपथ घ्यायची, की तांबोळवाडीनं मत आबासाहेबांनाच दिलं. पहिला हात सहादेवचा. उचलला तर तलाव परत. नाही उचलला तर चिंचवाडी.

"उचला की मग!" सहादेवांची बायको चांगुणा म्हणाली. "तुमी तर दिलंय न्हवं?"

"म्या दिलं. गावाचं कसं सांगू?"

"पंधरा वरसं तर सांगत आलाय."

"तवा मागनं मोजनी व्हायची, चांगुने. देव न्हवता मधी."

वसुबारसेला चांगुणा गोठ्यात गाय-वासराची पूजा करत होती. सहादेव दारात विडी ओढत बसले होते. डोक्यात ताटच होतं. चांगुणानं गाईच्या पायावर पाणी घातलं, हळद वाहिली आणि वाकून खुरांशी कुंकवाचं बोट टेकवलं. सहादेवांची विडी तोंडातच राहिली.

सदुसष्टला आबासाहेबांचं चिन्ह बैलजोडी होतं. या खेपेला गाय-वासरू.

"चांगुने, शिक्का कुठं मारलास गं तू?"

"कसला शिक्का?"

"मताचा! कागदावर!"

"गाईला की. तुमीच सांगितलं हुतं."

"गाईला कुठं?"

चांगुणा त्यांच्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत राहिली. "पायाशी."

"अंगावर न्हाई?"

"अवं, दुभत्या गाईला डाग द्यायचा? वासरू पीत असताना? बैलाचं येगळं. त्याचा खांदा सुजून आला की आपन डागतोच. गाईला कोन डागतं? म्या समद्यांस्नी सांगितलं, बायांनो, वसुबारसेला वाहतो तसं पायाशी वाहा."

"समद्यांस्नी म्हंजी?"

"आपल्या वाडीच्या समद्या बाया. लंकाबाई, तिच्या सुना, वरची आळी, खालची आळी."

सहादेवांनी विडी टाकली आणि बोटानं मातीत रेघ ओढली. मतपत्रिका त्यांनी शंभरदा पाहिली होती. गाईच्या पायाखाली रेघ. रेघेखाली सायकल. शिक्का रेघेवर पडला तर मत बाद. थोडा खाली गेला तर सायकलला.

"गेल्या साली दिल्लीच्या विलेक्शनला बी असंच?"

"असंच. तवा न्हाई कुनी इचारलं."

पाडव्याला आबासाहेबांच्या ओसरीवर गर्दी होती. आत बायकांचा फराळ चालला होता आणि आबासाहेबांची पत्नी साळूबाई करंज्यांचं ताट फिरवत होत्या. चांगुणाही आत, उंबऱ्याजवळ. बाहेर भिमाजीनं बेलभंडाराचं ताट सहादेवांच्या पुढ्यात सरकवलं.

"हं. घ्या."

"म्या माझ्यापुरता उचलतो," सहादेव म्हणाले. "गावाचा न्हाई उचलत."

भिमाजी हसला. "बघा आबासाहेब. म्या काय म्हनत हुतो?"

"का रे सहादू?" आबासाहेबांचा आवाज अगदी मऊ. तो मऊ झाला की माणसं जीपपासून लांब उभी राहत.

सहादेवांनी सगळं सांगितलं. गाय, पाय, रेघ, सायकल. सांगताना त्यांनाच ते खोटं वाटू लागलं.

"वा!" भिमाजीनं टाळी वाजवली. "आता गाईवर ढकला! रहाटाचं नाव नगं काढायला!"

"आठ म्हैनं लागलं का रं रचायला?" आबासाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात उंबऱ्यातून चांगुणा म्हणाली, "येक इचारू का?"

बायका ओसरीवर बोलत नसत. सगळ्यांच्या माना वळल्या. पण चांगुणा आबासाहेबांकडे बघतच नव्हती. ती साळूबाईंकडे बघत होती.

"वयनीसाहेब, तुमी कुठं मारला वो शिक्का?"

साळूबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा करंज्यांकडे. मग पदर सारखा केला.

"सांग ना," आबासाहेब म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता.

"तुमी मला मुंबईहून आनलेली चांदीची गाय हाय देव्हाऱ्यात," साळूबाई म्हणाल्या. "तिच्या तोंडावर म्या कधी शिक्के मारते का?"

"म्हंजी?"

"पायाशी. कुठं मारनार? आन मी एकटीच न्हाई, आपल्या आळीच्या समद्यांनी. तुमास्नी बरं वाटंल म्हनून."

ओसरीवर कुणीतरी खोकलं. आबासाहेबांनी बेलभंडाराचं ताट उचललं आणि भिमाजीच्या पुढ्यात ठेवलं.

"तुझ्या घरचं काय?"

"इचारावं लागंल," भिमाजी म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

खुंट्या आठ दिवसांनी परत आल्या. पौषात ओढ्यावर काम सुरू झालं. तांबोळवाडीची माणसं आता घरची भाकरी दुपारी घरात येऊन खाऊ लागली. आबासाहेब पहिली कुदळ मारायला आले, सहादेवांना "ये, बस" म्हणाले आणि जाताना चांगुणाला विचारलं, "फुडच्या खेपंला काय करायचं, बाई?"

"चिन्न बदला, आबासाहेब. कोंबडा बिंबडा घ्या."

जीपची धूळ खाली बसेपर्यंत माणसं हसत होती.

सहादेवांनी त्या रात्री वही काढली. बहात्तरच्या खाली चारशे चाळीस लिहिलेलं होतं, शेजारची जागा कोरी. तिथं काय लिहावं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी माती वाहताना त्यांना विहिरीवरचा रहाट आठवला. तो बसवला त्या दिवशी बायांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. लंकाबाईनं सायकलवाल्याला ओवाळलं होतं. चांगुणाही होती. खिदळत होती. तेव्हा त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं.

पाटी डोक्यावर घेऊन चांगुणा समोरून आली. सहादेव आडवे आले. इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला.

"चांगुने, खरं सांग. पायाशीच मारलास न्हवं? का थोडा खाली?"

चांगुणा थांबली. पाटीतली माती त्यांच्या पायावर सांडली. तिच्या तोंडावर हसू होतं का ऊन, ते सहादेवांना ओळखता येईना. आणि पंधरा वर्षं ते माणसांच्या पाठीवरून मत ओळखत आले होते.

"बेलभंडार आनलाय का संगं?" ती म्हणाली. "न्हाई ना? मग सरका बाजूला. मुकादम बघतोय."