लग्नापाशी थांबलेला सिनेमा

काल इंटरनेटवर एक जुना इजिप्शियन प्रेमपट समोर आला, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा. पहिलंच गाणं लागलं आणि मला पुदिन्याच्या चहाचा वास आला.

नव्वदच्या दशकात ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही नागोयात राहत होतो. मला सातवा महिना होता. शेजारी समीरा राहायची, जपानी रीतीप्रमाणे आदराने समीरा-सान; कैरोची, मूलबाळ नसलेली. दुपारी ती मला बोलवायची आणि तिच्याकडची एकुलती एक कॅसेट लावायची, याच सिनेमाची. झिजलेल्या टेपमधून गाणी खरखरत यायची. अरबी मला कळत नसे, म्हणून ती मोडक्यातोडक्या जपानीत सांगायची, "हा गरीब आहे. ही त्याची वाट बघतेय." दोघांचं लग्न लागलं की बटण दाबून म्हणायची, "ओवारी! संपला!" मग माझ्या पोटावरून हात फिरवून चहा ठेवायला उठायची. मला वाटायचं, किती गोड सिनेमा आहे!

काल मी तो लग्नाच्या पुढे पाहिला. पुढे बराच आहे. नायिका बाळंतपणात जाते, आणि नायक रिकाम्या पाळण्याशी बसून तेच पहिलं गाणं म्हणतो.

माझी मुलगी आता तिशीची आहे. समीरा-सानला सांगावंसं वाटतं, की शेवट मला आत्ता कळला. पण शोधू कशी? तिचं आडनाव मी कधी विचारलंच नाही. तेव्हा गरज पडली नाही. जिन्यातून नुसतं "समीरा-सान" म्हटलं, की दार उघडायचं.