रखमीचा रकाना

ओजस, मीरा — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलेलं नाही. ते गेले तेव्हासुद्धा नाही.

परवा फोनवर तुम्ही हसत होतात, आजीच्या मसाल्याच्या डब्यांवरही तारीख असते म्हणून. असते. मला रिकामी जागा सहन होत नाही. याला तुम्ही शिस्त म्हणता. मी काय म्हणते, ते पुढे वाचा.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही पालघरला राहत होतो आणि मी गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरच्या संशोधनात डॉक्टर होते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जीप मनोरच्या पुढच्या पाड्यांवर जायची. वजन, रक्ताचा थेंब, गोळ्या, पोटातल्या बाळाचे ठोके. प्रत्येकीचं एक पान, प्रत्येक महिन्याचा एक रकाना. एखादी मधेच निघून गेली की पानावर लाल शाईने आडवी रेघ मारायची. माझ्या वहीत एकही लाल रेघ नव्हती. संशोधनाचे प्रमुख, मुंबईचे सर, ती वही इतरांना दाखवायचे — आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

दिवाळी झाली की पाडे वीटभट्ट्यांवर जात. भट्टीवर काम जोडीला मिळतं, नवरा-बायकोला मिळून. त्यामुळे गरोदर बाईही जाते. हे मला ठाऊक होतं.

रखमीला पाचवा महिना होता; वहीतल्या बाकीच्या सगळ्या दिवाळीआधीच बाळंत झाल्या होत्या. माझी सर्वांत चांगली बाई — म्हणजे काय, तर एकही रकाना न चुकवलेली. पहिलटकरीण, अंगाने लहानखुरी, उगाच हसणारी. त्या मंगळवारी तिच्या दाराशी बोचकी बांधून ठेवलेली दिसली.

मी तिच्या पोटावर लाकडी नळी ठेवली. कान लावला. ठोके उत्तम होते — अजून आठवतात. आणि मी म्हणाले, "ठोके बरोबर नाहीत. तू हलायचं नाहीस."

एवढंच. एका वाक्याचं खोटं. किती सहज निघालं तोंडातून!

तिचा नवरा काळू म्हणाला, "मंग भट्टीवर दुसरी बायकू करू का काय, बाय?" बायका हसल्या. रखमी हसली नाही. तिने फक्त विचारलं, "पोराला काय व्हनार नाय ना?" मी म्हणाले, राहिलीस तर नाही.

काळू बहिणीला जोडीला घेऊन गेला. सगळा पाडा गेला. मागे राहिल्या रखमी आणि तिची आंधळी सासू. पाड्याची सुईणही भट्टीवर गेली, हे मला कधी कळलं म्हणता? पुढच्याच महिन्यात. मग मी काय केलं? वजन घेतलं, रकाना भरला, गोळ्या दिल्या. तिला भट्टीवर पाठवायचं तर खोटं कबूल करावं लागलं असतं. दवाखान्यात आणून ठेवता आली असती — पण तिथल्या डॉक्टरांनी ठोके ऐकले असते ना.

होळीच्या आधीच्या मंगळवारी गेले तेव्हा मूल होऊन एक दिवस झाला होता. दोन दिवस कळा. रस्त्यापर्यंत जाऊन हाक मारायला कुणी नव्हतं. सासूने चाचपडत सोडवलं. मुलगा होता. रडला नाही.

त्यांनी त्याला अजून पुरलं नव्हतं. खड्डा कोण खणणार? तो फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता.

आता जे लिहिते त्याची मला आजही शिसारी येते. मी जीपमधून वजनाची झोळी आणली. शेवटचा रकाना जन्मवजनाचा होता. मी त्याला झोळीत ठेवलं, काटा स्थिर होईपर्यंत थांबले आणि आकडा लिहिला. माझं अक्षर हललंसुद्धा नाही. मग ड्रायव्हरला खड्डा खणायला सांगितलं. या क्रमाने.

रखमी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता शिवी देईल. ती म्हणाली, "तू बोलली हुतीस, बाय. ठोके बरोबर नाय. तुला आदीच कललं हुतं." आणि माझ्या पायाला हात लावला. ओली बाळंतीण, भिंतीला धरून उठली आणि वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.

भट्टीवर ते मूल जगलं असतं का? माहीत नाही. तिथे सुईण होती, माणसं होती. इथे मी त्याच्याभोवतीचं माणूस न् माणूस काढून घेतलं होतं — एक रेघ नको म्हणून.

पाडा परतला तेव्हा ही गोष्ट पसरली, की डॉक्टरबाईला पोटातलं कळतं. पुढच्या दिवाळीनंतर चार बायका माझ्याकडे विचारायला आल्या — जाऊ की नको? मी खरे ठोके ऐकून खरं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. तो विश्वास रखमीच्या मुलावर उभा होता, आणि तो मी पुढे कितीतरी वर्षं वापरला.

ती वही सरांनी मला भेट म्हणून परत दिली. इथे कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात. रखमीचं पान पूर्ण भरलेलं आहे.