सिग्नलची उंची कमी करणारे आम्ही चौघं

कमी बोलणारी माणसं एका खोलीत बसवली की किस्से घडत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. उलट असतं! गप्पांच्या ऑफिसात किस्सा चहाबरोबर संपतो. आमच्याकडे तो साठत राहायचा. दिवसभरात जेमतेम चार वाक्यं व्हायची, मग ती विसरणार कशी?

आमची लॅब कोथरूडमध्ये, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर. आयटीचं वारं नुकतंच जोरात सुटलं होतं. मी, मृणाल, समीर आणि आमचे प्रमुख दीक्षित सर. सर खडकीला संरक्षण खात्यातून रिटायर झालेले, पक्के पुणेकर. मी यवतमाळचा, वारज्याला खोली घेऊन एकटा राहायचो.

काम काय? वायरलेसच्या एका सिग्नलच्या पोटात शेकडो बारीक लहरी असतात. त्या सगळ्या एकाच क्षणी उंच झाल्या की सिग्नलचं टोक आभाळाला भिडतं. पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते झेपत नाही, आणि तो सगळंच बिघडवून ठेवतो. ती टोकं बुटकी करायची, एवढंच आमचं काम.

आईला हे फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पा! इथं तं सिग्नलच येत नाही, अन् तू अजून कमी करून राहिला?"

*

सुरुवातीला मी सोपा मार्ग काढला. टोक दिसलं की कापून टाकायचं! उंची झटक्यात कमी. मी खुशीत सरांना स्क्रीन दाखवली.

सरांनी चष्मा वर केला. शेजारच्या चॅनेलमध्ये आमच्या सिग्नलचा सगळा कचरा सांडला होता.

"अहो राऊत, मुंडकं उडवलं की माणसाची उंची कमी होतेच. पण रक्त शेजाऱ्याच्या अंगणात गेलं, त्याचं काय?"

*

सर माझ्या बरोबर मागच्या टेबलावर बसायचे, पण काही सांगायचं असलं की ईमेल पाठवायचे. हातभर अंतरावरून! एकदा न राहवून मी वळलो.

"सर, तुम्ही मागेच तर बसता. तोंडानंच सांगा ना."

"पाठीमागे बोलायची मला सवय नाही," सर म्हणाले, आणि टाइप करत राहिले.

त्या दिवशी माझ्याशी दुसरं कोणीच बोललं नव्हतं. खोलीवर जाताना ते एकच वाक्य मी दोनदा मनात म्हटलं आणि स्कूटरवर एकटाच हसलो.

*

एका दिवाळीत मला गावाकडच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही. पाडव्याला खोलीत बसवेना, म्हणून लॅबवर गेलो. बघतो तर दार उघडं, आणि सर आपल्या जागेवर!

सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अमेरिकेत.

"सर, आज तुम्ही?"

"टेस्टिंग चालू आहे."

"पण मशीन तर बंद आहे."

"मग चालू करायला कोणी यायला नको? तुम्ही कशाला आलात?"

"मी... मीपण टेस्टिंगलाच."

सरांनी दुकानातल्या चकल्यांचं पाकीट पुढे सरकवलं. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. मशीन दोघांनीही चालू केलं नाही.

*

मग गळती लागली. समीर बंगलोरला गेला. काही महिन्यांनी मृणाल लग्न होऊन अमेरिकेला निघाली. निरोपाच्या सामोशांसमोर तिनं सरांना दोन शब्द बोलायला लावलं.

"तुम्ही सगळे एकदम गेला असतात तर कंपनीला हादरा बसला असता," सर म्हणाले. "एकेक करून निघालात. कोणाला कळलंसुद्धा नाही. म्हणजे इथलं काम तुम्हाला नीट समजलंय!"

मृणाल हसता हसता रडायला लागली. सरांनी तिच्याकडे दुसरा सामोसा सरकवला.

*

शेवटी आम्ही दोघांनीच ते काम पुरं केलं. एका दुपारी टेस्ट लावली आणि टोकं खरोखर खाली बसली. शेजारचा चॅनेल स्वच्छ! मी ओरडलोच. माझं ओरडणं ऐकायला मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं.

सर उठले, कोपऱ्यातल्या लॅबच्या फोनवरून नंबर फिरवला आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलले. "झालं गं. हो, आत्ताच. हो हो, दोघंही. बरं, ठेवतो."

फोन ठेवून ते हात धुवायला गेले.

मी आईला फोन करायला उठलो. रिसीव्हर उचलला, आणि काय वाटलं कोण जाणे, रीडायलचं बटण दाबलं. फोनच्या छोट्या पडद्यावर सरांच्या घरचा नंबर उमटला. रिंग जात राहिली. जात राहिली. शेवटी आपोआप बंद झाली.

वळलो तर सर दारात, रुमालाला हात पुसत उभे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या..." मी म्हणालो, "म्हणाल्या, आता तरी दोघं जेवून घ्या."

"तिचं नेहमीचंच आहे," सर म्हणाले, आणि डबा उघडायला बसले.